फासा, ड्रॅगन आणि हसू

सोफ्यावर दोन मित्र, हातात कंट्रोलर. एक तिरसट, दुसरा त्याहून तिरसट. जेरी होल्किन्स आणि माइक क्राहुलिक यांनी नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘पेनी आर्केड’ हे व्हिडिओ गेमवरचं वेबकॉमिक सुरू केलं तेव्हा या जोडीत गंमत होती. पुढे अमेरिकेतल्या इतक्या जणांनी तो सोफा उचलून आपापल्या घरी नेला, की आता तो पहिल्या चौकटीत दिसला तरी तिसरी न वाचता कळते.

*

‘पेनी आर्केड’च्या जुन्या स्ट्रिप चाळल्या. त्या आठवड्यात बाजारात आलेल्या गेमवरचे विनोद त्या गेमबरोबरच शिळे झालेत. २००४ मधली एक मात्र टवटवीत आहे: साधा माणूस घ्या, त्याला निनावी करा, समोर प्रेक्षक बसवा, तो शिव्या देऊ लागतो. निमित्त एका नेमबाजीच्या गेमचं होतं. तो गेम आज किती जण खेळतात कुणास ठाऊक, पण तो माणूस रोज भेटतो.

*

ओळख पटणं म्हणजे हसू येणं नव्हे. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये किल्ला जिंकून मारिओ आत जातो, तर राजकन्या तिथे नसतेच, ती दुसऱ्या किल्ल्यात आहे असं एक नोकर सांगतो. हे वाक्य कुणाच्याही तोंडी घालायचं आणि विनोद झाला म्हणायचं, अशा स्ट्रिपांना तोटा नाही. वाचक खूश होतो, पण ती खुशी स्वतःवरच असते.

खरा विनोद त्या गेमच्या पोटातच आहे. सात किल्ल्यांतून सात नोकरांची सुटका होते आणि त्यातल्या एकालाही पाहून कुणाला आनंद होत नाही.

*

पण वाचकाला खेळाचा नियमच ठाऊक नसेल तर काय? मेंढीकोटात हुकमाची मेंढी हातची गेली की खेळणारे खो खो हसतात आणि कोपऱ्यात बसलेला पाहुणा उगाच ओठ फाकवतो. या कॉमिक्सचे बरेच वाचक त्या पाहुण्याच्या जागी असतात. चांगला लेखक त्याला वेगळी शिकवणी लावत नाही. पात्रालाच नियमाशी धडकवतो, आणि धडकेच्या आवाजावरून पाहुण्याला नियम कळतो.

*

रिच बर्लूच्या ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ने हे पहिल्याच दिवशी केलं. सप्टेंबर २००३. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं वठवायच्या खेळाच्या नियमांची नवी, ३.५ आवृत्ती नुकतीच आली होती. स्ट्रिपमधली टोळी ऐन लढाईत असताना नियम बदलतात आणि त्यांची अंगची कौशल्यं तिथल्या तिथे कमी-जास्त होतात. या माणसांना ठाऊक आहे की आपण नियमपुस्तकात राहतो. त्यांना त्याचं नवल नाही, फक्त वैताग आहे. आपल्याला गुरुत्वाकर्षणाचं नवल वाटतं का?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ चा. त्यातला एक नियम नीट वाचावा: शंभरातला एकच हिट पॉइंट (म्हणजे जीव) उरलेला योद्धा धडधाकट योद्ध्याइतक्याच जोरात तलवार मारतो. अजून एक पॉइंट गेला की आडवा. नव्या आवृत्त्यांत तर रात्रभर झोपला की जखमा भरतात. खेळताना हे सोयीचं असतं. पण या जगातल्या डॉक्टरने रोग्याच्या बायकोला काय सांगायचं? हा प्रश्न चेहरा सरळ ठेवून विचारला की विनोद सुरू होतो.

(आणि चित्रं? काड्यांची माणसं. २०१२ मध्ये बर्लूने पुस्तकं पुन्हा छापायला किकस्टार्टरवर ५७,७५० डॉलर मागितले, वाचकांनी साडेबारा लाखांवर दिले. फुकट वाचायला मिळत असलेल्या काड्यांसाठी.)

*

शेमस यंगचं ‘डीएम ऑफ द रिंग्ज’, २००६-०७. टॉल्किनने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिलंच नाही असं धरायचं. ती सगळी कथा एका डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, रचून आपल्या खेळाडूंना खेळायला दिली आहे. चित्रं म्हणून पीटर जॅक्सनच्या सिनेमांतल्या चौकटी. तो बिचारा हजारो वर्षांचा इतिहास सांगतोय आणि खेळाडूंना एवढंच विचारायचंय की लूट कधी मिळणार. त्याच्याबद्दल कणव वाटते, म्हणून जास्त हसू येतं.

*

पुन्हा बर्लू. टोळी एका गुहेत एक तरुण काळा ड्रॅगन मारते. नेहमीचंच, ड्रॅगन असतात कशाला? शेकडो भागांनंतर त्याची आई दारात उभी राहते आणि एल्फ जादूगार व्हार्सूव्हियसच्या मुलांवर उठते. व्हार्सूव्हियसचं उत्तर म्हणजे एकच मंत्र, ज्याने तिचं रक्त अंगात असलेला प्रत्येक जीव मरतो. त्या रक्ताची माणसंही होती हे मागाहून उघड होतं. रेडक्लोक हा गॉब्लिन पुजारीही तेच विचारतो: देवांनी आम्हाला घडवलं ते वीरांनी आम्हाला मारून लेव्हल वाढवावी म्हणून?

नियम तोच. आधी त्यावर हसलो होतो, म्हणून आता तो बोचतो.

*

याउलट टिम बकलीचं ‘कंट्रोल ऑल्ट डिलीट’. नायक ईथन एक्सबॉक्समधून बोलता रोबो बनवणारा. २ जून २००८ च्या स्ट्रिपमध्ये तो धावत हॉस्पिटलात येतो, काउंटरवर विचारतो, डॉक्टरशी बोलतो; चौथ्या चौकटीत त्याची जोडीदार लायला खाटेवर पडून रडतेय. तिचा गर्भ गेलाय. शब्द एकही नाही.

वाचक हसले. दुःखाला मज्जाव होता असं नाही. पण जिथे तोवर ईथनच्या कुठल्याच वेडेपणाची किंमत मोजावी लागली नव्हती, तिथे एकाएकी एवढं मोठं बिल आलं, आणि तेही लायलाच्या नावे. पुढे लोकांनी माणसांच्या जागी रेघा ओढून ही स्ट्रिप सात रेघांवर आणली. त्या रेघा कशातही शोधणं हा वेगळाच खेळ झाला. वर ओळखीच्या विनोदाला नावं ठेवली खरी, पण या सात रेघांचा उद्धटपणा मला आवडतो.

*

ब्रायन क्लेव्हिंजरचं ‘८-बिट थिएटर’ (२००१-२०१०) ‘फायनल फँटसी’च्या ठोकळेदार चित्रांवर चालायचं. चार नायक: एक मठ्ठ, एक चोर, एक खुनशी, एक नियमांचा किडा. नऊ वर्षं ते जग वाचवायला निघालेले. शेवटच्या महाराक्षसाला मारतात ते भलतेच चौघे, तेही चौकटीबाहेर. काही वाचक वैतागले असतील. पण या नायकांच्या हातून काही धड होईल, अशी आशा लेखकाने नऊ वर्षांत एकदाही लावली नव्हती.