कुंडापाशी

इंदिरानगरातील आमच्या घरी गेल्या वर्षी नातू जन्माला आला. परंतु त्याचा स्नानसंस्कार मात्र झाला नाही. "मोठा झाल्यावर तोच ठरवील," असे चिरंजीवांचे म्हणणे. आम्ही दुखावलो आणि घरात अबोला धरला.

त्याच मनःस्थितीत जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये गेलो. प्रवेश करताच उजव्या हाताच्या चॅपेलमध्ये दगडी स्नानकुंड दिसते. ते १५३२ सालचे. आजच्या कॅथेड्रलचे बांधकाम सुरू झाले १५६२ मध्ये. म्हणजे कुंड चर्चहूनही वडील! १५४२ मध्ये गोव्यात उतरलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांनी याच कुंडावर अनेकांना बाप्तिस्मा दिला, अशी परंपरा आहे.

आम्ही बराच वेळ तेथे उभे होतो. मनात आले, या पाण्यापाशी किती जण स्वखुशीने आले असतील आणि किती जण राजसत्तेच्या धाकाने? त्या काळाच्या इतिहासात दोन्ही आहे. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती नको, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. मग आमचा अबोला ही तरी सक्तीच नव्हे काय?

घरी परतल्यावर आम्हीच आधी बोललो. आता रोज रात्री नातवाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतो. चिरंजीव पाहतात, हरकत घेत नाहीत. परवा त्यांनीच विचारले, "गोव्याचे ते कुंड केवढे आहे हो, बाबा?"