शिसवी टेबल

आमच्या तात्यापाऱ्याचे नाव ऐकून पुण्या-मुंबईचे पाहुणे प्रथम थबकतात. 'पारा' म्हणजे तापमापकातला का, असे एका विद्वान स्नेह्यांनीही मला एकदा विचारले होते. छत्तीसगढीत पारा म्हणजे वस्ती, मोहल्ला. रायपुरात ब्राह्मणपारा आहे, बूढापारा आहे, बैजनाथपारा आहे. तसाच हा तात्यापारा. नावाचा पूर्वार्ध मराठी, उत्तरार्ध छत्तीसगढी आणि दोहोंमधला सांधा इतका मुरलेला की तो आता बोटाला लागत नाही. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर येऊ लागला आणि १८५४ मध्ये तो संपला. राज्य गेले, माणसे राहिली. पुढे नोकरीधंद्याच्या निमित्ताने आणखी आली. आमचे आजोबा या नंतर आलेल्यांपैकी. घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी अशा तीन बोलींत आमचे बालपण गेले.

आजोबांनी मागे ठेवलेल्या वस्तूंत एक शिसवी टेबल होते. बदली होऊन जाणाऱ्या कोणा अधिकाऱ्याच्या सामानाच्या लिलावात त्यांनी ते घेतले, असे वडील सांगत. लांबी चार फूट, माथ्याला दोन रुंद फळ्या आणि उजव्या कोपऱ्यात कधीकाळी दौत कलंडल्याचा निळा-काळा डाग. वडिलांनी त्यावर घराचा जमाखर्च मांडला आणि १९८७-८८ च्या सुमारास मी त्यावर माझा प्रबंध लिहिला. नागपूर विद्यापीठाला तो सादर करण्याची मुदत जवळ आली होती आणि धाकटा भाऊ तेव्हा महाविद्यालयात होता. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने एक जुनी गिटार विकत आणली होती. एकच गत तो महिनोन्महिने घोटीत असे. ठरावीक जागी चुकत असे आणि पुन्हा आरंभापासून वाजवीत असे. एका संध्याकाळी मी खोलीचे दार लोटून घेतले आणि आतूनच म्हणालो की, या घरात एक तर प्रबंध होईल, नाही तर ऑर्केस्ट्रा. वाक्य मला तेव्हा चुरचुरीत वाटले होते. चार दिवसांनी गिटार घरात नव्हती. मित्राला देऊन टाकली, एवढेच त्याने सांगितले. पुढे तो बँकेत लागला, त्याने संसार केला, माझ्याशी तो कधी वाकडे बोलला नाही, आणि २०२१ च्या एप्रिलात, त्या दुसऱ्या लाटेत, आठ दिवसांत गेला. प्रबंध मात्र झाला. तो ग्रंथालयात आहे.

त्याच भावाच्या मुलाने माझ्याजवळ ते टेबल मागितले. "काका, हल्ली तुम्ही त्याच्यावर लिहीत नाही. मला त्याच्या फळ्या हव्या आहेत. गिटार करायची आहे." वडिलांच्या गिटारीची हकीकत त्याला ठाऊक होती की नाही, हे मी विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही, असे म्हणणे अधिक खरे होईल.

त्याऐवजी मी, समीक्षकाच्या सवयीने, वाद घातला. शिसवी लाकडाने नाद चांगला येतो का? त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, पाठीच्या आणि बगलांच्या लाकडाने फारसा फरक पडत नाही; नाद मुख्यतः तबलीतून, म्हणजे तारांखालच्या पातळ फळीतून, येतो. स्पेनमधील अंतोनियो दे तोरेस या थोर कारागिराने १८६२ मध्ये पाठ आणि बगला चक्क पुठ्ठ्याच्या करून, तबली तेवढी उत्तम लाकडाची लावून, गिटार घडवली होती आणि आपले म्हणणे सिद्ध केले होते. अलीकडची साक्षही त्याच्याजवळ होती. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, केवळ पाठ-बगलांचे लाकूड निराळे असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना, लाकूड ओळखू येणार नाही अशा अंधुकतेत, वाजवायला दिल्या होत्या. भारतीय शिसवी लाकूडही त्या सहांत होते. वादकांना त्यांच्यात म्हणण्यासारखा भेद करता आला नाही.

"मग माझे टेबल कशाला?" मी विचारले.

"आवाजासाठी नको आहे, काका. घरातलं आहे म्हणून हवं आहे."

या उत्तरावर माझ्यापाशी युक्तिवाद नव्हता. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो की, कलाकृतीच्या मूल्याशी लेखकाच्या चरित्राचा संबंध जोडू नये. येथे एक तरुण तेच तत्त्व मान्य करीत होता, लाकडाचे चरित्र नादात उतरत नाही हे स्वतःच सांगत होता, आणि तरीही तेच लाकूड मागत होता.

खरा खटका उडाला तो पुढे. पुतण्या दरवाज्यांवर नक्षी कोरणाऱ्या एका कारखान्यात आराखडे काढतो. गिटारीचे काही काम तेथल्या सी.एन.सी. यंत्रावर करीन, असे तो म्हणाला. संगणकात आकृती भरावयाची आणि तिच्या आज्ञेनुसार यंत्राचे फिरते पाते लाकूड कोरीत जाते, अशी ही व्यवस्था. मला ती रुचली नाही. माझ्या मनात मिरज होती.

काही वर्षांपूर्वी सांगलीला चर्चासत्रासाठी गेलो असता मी मुद्दाम मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो होतो. सोलापूर जिल्ह्यातून येणारे मोठाले भोपळे तेथे ओळीने टांगलेले असतात. एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याची जवारी लावीत होते. घोडीचा माथा पाहताना सपाट वाटतो, परंतु तारेच्या दिशेने त्याला अतिशय मंद उतार दिलेला असतो. तार तेथे एका बिंदूवर न टेकता निसटती टेकते आणि तिच्याखाली सुताचा धागा योग्य जागी सरकवला की नाद उमलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले होते की, विशिष्ट बिंदूवर छेडलेल्या तारेतून जे उपस्वर उमटूच नयेत असा ध्वनिशास्त्राचा नियम होता, तेही तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या या घोडीमुळे उमटतात. त्या वृद्धाला हा नियम आणि त्याचा भंग यांच्याशी कर्तव्य नव्हते. दोनदा कानस फिरवावी, तार चढवावी, ऐकावे, तार उतरवावी, पुन्हा कानस, असे त्यांचे तासभर चालले होते. हे कोणते यंत्र करील, असे मी पुतण्याला विचारले.

"तेवढं नाही करणार," तो म्हणाला. "पण काका, मिरजेचे पहिले सतारमेकर आधी काय करायचे?"

मी निरुत्तर झालो, कारण उत्तर मला ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकात ज्या फरीदसाहेबांपासून मिरजेची ही परंपरा सांगतात, ते शिकलगार होते; शस्त्रांना धार लावणे, ती दुरुस्त करणे हा त्यांच्या समाजाचा व्यवसाय. राजांच्या लढाया संपल्या तेव्हा तलवारीवरचे हात सतारीकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या वळलेल्या हातांच्या वारसांना. एका कामाचे हत्यार घेऊन दुसऱ्या कामाकडे जाणे, हेच जर परंपरेचे मूळ असेल, तर दरवाज्यावर मोर कोरणारे यंत्र गिटारीकडे वळले म्हणून मी तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

टेबलाच्या फळ्या आरा मशीनवर उभ्या चिरल्या, तेव्हा मी हजर होतो. फळी चिरून पुस्तकासारखी उघडतात. मग डाव्या पानावरचे रेषांचे वळण उजव्या पानावर आरशातल्यासारखे येते. अशी दोन पाने जोडून गिटारीची पाठ होते. आत लाकूड जांभळट तपकिरी, ताजे, मंद गोड वासाचे. शाईचा डाग वरच्या पापुद्र्यापुरताच होता. रंध्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात तो गेला. "राहू द्यायचा होता का?" पुतण्याने विचारले. मी नको म्हणालो. ज्याला मी इतकी वर्षे टेबलाचा इतिहास समजत होतो, त्याची खोली एक मिलिमीटरही नव्हती.

नंतर एका रविवारी आम्ही भनपुरीकडच्या त्या कारखान्यात गेलो. भिंतीशी एकाच गणपतीचे सात दरवाजे उभे होते. यंत्राने आधी गिटारीच्या बगला बसवावयाचा साचा कापला, मग दांडीचा ढोबळ आकार, आणि शेवटी पडद्यांच्या खाचा. खाचांचे काम पाहताना माझा विरोध पुष्कळसा मावळला. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे. चूक झाली तर कान ती सुधारतो. गिटारीचे पडदे कायमचे ठोकलेले. एकेका पडद्याला तारेची उरलेली लांबी दोनाच्या बाराव्या मुळाने भागावी लागते. ६४८ मिलिमीटरांच्या तारेवर पहिला पडदा ३६.३७ मिलिमीटरांवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई यांनी १५८१ मध्ये सोपी रीत सांगितली होती: दर वेळी उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडावा. त्या रीतीने याच तारेवर बारावा पडदा मध्यापासून दोन मिलिमीटरांहून अधिक ढळतो. यंत्राने वीस खाचा काही मिनिटांत, डोळ्याला दिसणार नाही इतक्या अचूकपणे पाडल्या. या कामात हाताने अभिमान बाळगावा असे काही नव्हते.

परंतु यंत्र चालवणाऱ्या मिस्त्रीने जाता जाता एक वाक्य सांगितले, ते मी विसरलो नाही. "भैया, मशीन को रेशा नहीं दिखता." यंत्राला लाकडाचा तंतू दिसत नाही, त्याला सगळे लाकूड सारखेच.

या वाक्याचा अर्थ पुढे घरी कळला. बगलेसाठी शिसवी पट्टी जेमतेम दोन मिलिमीटरांपर्यंत पातळ करून, भिजवून, तापलेल्या नळीवर वाकवावी लागते. पहिली बगल वळली. दुसरी कमरेच्या वळणावर येताच बारीक आवाज झाला आणि तंतूच्या आडव्या ओढीबरोबर तडा गेला. पुतण्या बराच वेळ ती पट्टी हातात धरून बसला होता. दांडी बिघडली असती तर यंत्राने तशीच दुसरी कापून दिली असती. आकृती संगणकात होती. टेबलाची आकृती कोठेही नव्हती. अखेर खणाच्या पुढच्या आणि मागच्या फळ्या काढल्या, त्या मधोमध जोडून नवी बगल केली आणि ती वाकवताना त्याने तीनपट वेळ घेतला. लाकूड कोठे मऊ पडते आहे, कोठे हट्ट धरते आहे, हे अंगठ्याने चाचपीत तो पुढे सरकत होता. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण ७० किलोंच्या आसपास असतो. तो सोसण्याइतकी तबली भक्कम हवी आणि हलक्या बोटाने थरथरण्याइतकी पातळही हवी. म्हणून स्प्रूसच्या त्या तबलीच्या आतल्या आधारपट्ट्याही त्याने पटाशीने, टिचकी मारून ऐकत, हातानेच उतरवल्या.

तेव्हा मला जे उमगले ते असे. यंत्र आणि हात यांतला भेद अचूकपणाचा नाही. त्यात यंत्र पुष्कळ पुढे आहे. भेद आहे तो पुन्हा करता येण्याचा. जे पुन्हा करता येते ते यंत्राला निःशंकपणे द्यावे. ज्याची दुसरी प्रत नाही, तेथे हात लागतो, कारण तेथे चुकीची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते. माझे ते चुरचुरीत वाक्य मी किती सहजपणे उच्चारले होते! पुढे सुधारून घेता येईल असा तो मसुदा आहे, असे मी समजलो होतो. भावाची मात्र दुसरी प्रत नव्हती.

गिटार दिवाळीनंतर पुरी झाली. खणाच्या फळ्यांचा जोड उजव्या बगलेवर स्पष्ट दिसतो. पुतण्याने तो लपवला नाही. नाद कसा आहे, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. टेबल त्यात ऐकू येते का, असे मी पहिल्या दिवशी कान देऊन पाहिले. नाही येत. संशोधकांचे म्हणणे खरे आहे.

आता मी सनमायकाच्या एका साध्या टेबलावर लिहितो. संध्याकाळी पलीकडच्या खोलीत तो सराव करतो. त्याचीही एक जागा चुकते आणि तोही पुन्हा आरंभापासून वाजवतो. माझे लेखन त्यामुळे अडते, हे कबूल केले पाहिजे. काल वाऱ्याने मधले दार आपोआप लोटले गेले. मी उठलो, ते उघडले आणि पुन्हा लागू नये म्हणून खाली विटेचा तुकडा लावून ठेवला.