मामीचा पाला

वरवट बकालचं शिवार कपाशीचं. त्यात माझ्या मामीनं एकरभर तुती लावली तेव्हा गाव हसलं. रेशीमकिड्यांचे अंडीपुंज आले, टिनाच्या शेडात रॅक उभे राहिले आणि शाळा सुटली की मी पाला तोडायला जाऊ लागलो. माझ्या बी.एस्सी.ची फी त्या कोषांनी भरली. ते ऋण निदान मोजता तरी येतं.

मामीची नजर अळीवर कमी, पाल्यावर जास्त. शेडाच्या दारात ती प्रत्येकाचे हात हुंगायची. "तमाखूचा हात पाल्याले लावू नको, बापू." धुऱ्यापलीकडे कपाशीवर फवारणी झाली की त्या बाजूच्या ओळी ती तोडू देत नसे. तरी एका वर्षी वारा फिरला. चौथी कात टाकून अळ्या पाल्यावर तुटून पडल्या होत्या. त्या हिरवं ओकत लोळल्या. सगळी बॅच गेली. "पाल्यावर पडलं ते पोटात गेलं," एवढंच बोलून मामी चुना घेऊन शेड धुवायला लागली.

पुढे मी पदार्थविज्ञान शिकवू लागलो आणि २०१६ साली बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातला, झांग यिंगयिंग यांच्या गटाचा शोधनिबंध वाचनात आला. त्यांनी तुतीच्या पाल्यावर फवारणीच केली होती, पण ग्राफीनची! ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा थर. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीनं ग्राफाइटवरून सोलून काढलेला. फवाऱ्यात त्याचं प्रमाण वजनानं ०.२ टक्के. तो पाला खाल्लेल्या अळ्यांचा धागा तुटण्याआधी नेहमीपेक्षा निदान दीडपट ताण सोसत होता.

कारण मला फार आवडलं. रेशमाचं मुख्य प्रथिन फायब्रॉइन. अळीच्या ग्रंथीत ते सैल, गुंतलेलं असतं. धागा ओढला जाताना त्याच्या साखळ्या लुगड्यासारख्या घडीवर घडी बसतात. त्या घड्यांमुळे ताकद येते, मधल्या सैल भागामुळे लवचीकपणा. ग्राफीन म्हणे या घड्या पडण्यात अडथळा आणतं, म्हणून धागा जास्त लांबतो आणि उशिरा तुटतो. तोच धागा १०५० अंशांवर तापवून कोळसा केला, तर साध्या रेशमाच्या कोळशापेक्षा वीजही चांगली वाहतो. वर्गात हे शिकवताना मी फळ्यावर आधी पानच काढतो, रेणू नंतर. पुस्तकातून आलो असतो तर उलट केलं असतं.

मामीला फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ हूं हूं झालं.

"अन् मेल्या नाईत त्या?"

"नाही मामी. कोष केले त्यांनी."

"मंग त्या कोषाले भाव काय भेटते?"

ते प्रयोगशाळेतले कोष आहेत, बाजारातले नाहीत, असं म्हटल्यावर तिनं विषय बदलला आणि घरी कधी येतोस ते विचारलं.