लांबच्या रस्त्यानं भाऊबीज

अकोल्याहून अमरावतीला जायला किती वेळ लागतो? मूर्तिजापूर, बडनेरा असा सरळ रस्ता आहे. शंभरेक किलोमीटरचा. एसटीनंसुद्धा माणूस अडीच-तीन तासांत पोचतो. आम्हाला मात्र एकदा अख्खा दिवस लागला होता! रस्ता चुकलो होतो म्हणून नव्हे. बाबांनी मुद्दामच फटफटी पूर्वेऐवजी उत्तरेला वळवली होती.

ही गोष्ट १९९१ सालच्या दिवाळीतली. मी तेव्हा सहावीत होते. भाऊबीजेला बाबा दरवर्षी अमरावतीला आत्याकडे जायचे. आमच्याकडे आईचे भाऊ यायचे, म्हणून आई घरीच. त्या वर्षी मी हट्टच धरला, “मीपण येणार!” आई म्हणाली, “अगं, हे सावकाश जातात. कंटाळशील.” मी म्हटलं, “मुळीच नाही.”

पहाटे निघालो. आईनं मला स्वेटर, कानटोपी, वरून मफलर असं गुंडाळलं. बाबांची फटफटी जुनी. चार-पाच किका मारल्याशिवाय तिला जाग यायची नाही. आणि एकदा सुरू झाली की गल्लीतली सगळी कुत्री जागी व्हायची. बाबा चाळीसच्या वर कधी जायचे नाहीत. मागून येणारी प्रत्येक गाडी आम्हाला ओलांडून जायची. मला आधी फार राग आला. मग हळूहळू लक्षात आलं, की सावकाश गेलं की सगळं दिसतं.

काय काय दिसलं म्हणून सांगू! शेतांवर धुक्याची पातळ चादर पसरलेली. तुरीला पिवळी फुलं आलेली. कपाशीची बोंडं फुटून शेतं पांढरीशुभ्र झालेली. एका धुऱ्यावर बाया दहीभात ठेवून पूजा करत होत्या. “सीतादही,” बाबा मान मागे वळवून म्हणाले, “वेचणी सुरू करायच्या आधी करतात.” तारेवर एक नीळकंठ बसला होता. आम्ही जवळ गेल्यावर तो उडाला, तेव्हा त्याच्या पंखांतला निळा रंग असा काही चमकला, की मी ओरडलेच!

अठरा किलोमीटरवर गांधीग्राम आलं. इथं पूर्णा नदी आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची पोरं इथूनच पूर्णेचं पाणी कावडीत भरतात आणि अनवाणी चालत राजराजेश्वराच्या मंदिरात नेतात. कावडीची मिरवणूक मी दरवर्षी पाहायची. पण ते पाणी इतक्या लांबून येतं हे त्या दिवशी पुलावर उभी राहिले तेव्हा कळलं.

“देवासाठी वर्षातून एकदा आणतात,” बाबा पाण्याकडे पाहत म्हणाले, “इथल्या बाया रोज आणतात.”

मला काही समजलं नाही. बाबांनी पुन्हा किक मारली.

थोडं पुढे जाऊन आम्ही मोठा रस्ता सोडला. काळ्या मातीची गाडवाट एका खेड्यात गेली. बाबांचं लहानपण त्या गावात गेलं होतं. आता आमचं तिथं घर नव्हतं, पण शेजारच्या काकू होत्या. बाबा दर दिवाळीला त्यांना फराळाचा डबा द्यायचे. काकूंनी बाबांच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. “आला का बापू! अन् हे कोन, तुही पोरगी व्हय? मोठी झाली वं बाई!”

मी तोंड-हात धुवायला गेले. रांजणातलं पाणी घेतलं, साबण चोळला, चोळला... पण फेसच येईना! तोंडावर पाणी मारलं तर ओठ खारट लागले. मला गंमत वाटली. मी आत येऊन म्हटलं, “काकू, प्यायला पाणी द्या ना.”

काकूंनी घराच्या आतल्या कोपऱ्यातला छोटा माठ उघडला. पेला भरून दिला. “घे बाई, गोडं पानी हाय.”

थंडगार पाणी. मी दोन घोट घेतले. तहान फारशी नव्हतीच. उरलेलं पाणी, घरी करते तसं, पायरीवरून अंगणात भिरकावून दिलं.

एकदम सगळं गप्प झालं.

काकूंची नात दारात उभी होती, माझ्याच वयाची. ती माझ्याकडे बघत नव्हती. अंगणातल्या त्या ओल्या डागाकडे बघत होती. काळ्या मातीनं बघता बघता तो डाग पिऊन टाकला. काकू हसल्या. म्हणाल्या, “असू दे, लेकरू हाय.” माझा पेला त्यांनी राखेनं घासला आणि कोरड्या फडक्यानं पुसून फळीवर ठेवला.

बाबा काहीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं!

चोहोट्टा बाजार गेलं, अकोट जवळ आलं. समोर सातपुड्याची निळी रांग दिसू लागली आणि आजूबाजूचं चित्रच बदललं. आतापर्यंत नुसती कपाशी, तूर, ज्वारी होती. आता केळीच्या बागा आल्या, संत्र्याची गर्द हिरवी झाडं आली. पाटातून पाणी खळखळत होतं. दीड-दोन तासांपूर्वी पाहिलेली जमीन आणि ही जमीन! जणू दुसऱ्याच देशात आलो होतो.

एका संत्र्याच्या बागेपाशी बाबांनी फटफटी थांबवली. प्लग काढून पुसायला घेतला. विहिरीवर मोटारपंप चालू होता. बागवान म्हणाला, “पे बाई पोटभर. इथं पान्याले तोटा नाई.” मी ओंजळीनं प्यायले. गोड! आणि तिथंच मला रडू आलं. बाबांना विचारलं, “मी चुकले ना?”

बाबांनी मला झाडाखाली बसवलं. ते इतिहास शिकवायचे, पण त्या दिवशी त्यांनी मला भूगोल शिकवला. पूर्णा नदी सातपुड्यातून निघते आणि अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून जाते. तिच्या खोऱ्यात गाळाच्या मातीचा खोल थर आहे. माती कसदार, पण जमिनीच्या पोटातलं पाणी खारं. याला म्हणतात खारपाणपट्टा. विहीर खणली की पाणी लागतं, पण ते पिता येत नाही. पिकाला दिलं तर जमीन चोपण होते, म्हणजे ओली झाली की चिकट चिखल आणि वाळली की दगड. म्हणून तिथली शेती पावसाच्या भरवशावर. इकडे डोंगराच्या पायथ्याशी पाणी गोडं, म्हणून बागा.

“मग काकूंच्या माठातलं पाणी?”

“नदीच्या वाळूत झिरा खणतात. त्यात गोडं पाणी झिरपतं. वाटीवाटीनं घागर भरायची आणि दोन किलोमीटर चालत घरी आणायची. काकूंची नात शाळेआधी दोन खेपा करते.”

मला तो ओला डाग आठवला.

बाबा थोडा वेळ प्लगच पुसत राहिले. मग म्हणाले, “आमच्या घरी हे काम तुझ्या आत्याकडे होतं. चौथीत वर्गात पहिली आली होती ती. पण माय वेचणीला जायची, निंदणाला जायची. पाणी कोण भरणार? मग बाईची शाळा सुटली. माझी चालू राहिली. मी मास्तर झालो तो तिच्या घागरींवर. सरळ रस्त्यानं गेलो तर अडीच-तीन तासांत तिच्या घरी पोचतो. पण मग हातात नुसती साडी असते. या रस्त्यानं गेलो की सगळं आठवत जातं.”

पुढचा रस्ता मी फार बोलले नाही. बाबांनीच मला बोलतं केलं. अकोटजवळच्या अडगावची लढाई सांगितली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीनं तिथं मराठ्यांच्या फौजेला हरवलं. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्यानं नेपोलियनचा पराभव केला. अडगावनंतर १५ डिसेंबरला डोंगरातला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला, तो सुर्जी-अंजनगावला. आम्ही त्याच अंजनगावात चहा प्यायलो! पुस्तकातलं नाव असं रस्त्यात पाटीवर दिसलं की कसं वाटतं म्हणून सांगू! अंजनगावच्या पानमळ्यांत झाडांच्या आधारानं चढलेल्या नागवेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिल्या.

“परीक्षेत तहाचं साल विचारतात,” बाबा म्हणाले, “पाणी भरणाऱ्या पोरीचं नाव कोणी विचारत नाही.”

पुढे एका फाटकाशी शकुंतला भेटली. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-अचलपूर अशी धावणारी छोटी रेल्वेगाडी. रुळांतलं अंतर अवघं अडीच फूट. वाफेचं इंजिन फुसफुस करत आलं. आमच्या फटफटीपेक्षा हळू जाणारं काहीतरी मला अखेर दिसलं! मी हात हलवला, तर डब्यातल्या सगळ्यांनी हात हलवले. १९९४ साली तिचं वाफेचं इंजिन गेलं, डिझेलचं आलं. आता तर कित्येक वर्षं गाडीच बंद आहे.

परतवाड्याहून अमरावतीचा रस्ता धरला. आसेगावला पुन्हा एक पूल आला. “ओळख पाहू कोणती नदी?” बाबांनी विचारलं. पूर्णाच! सकाळी गांधीग्रामला ओलांडलेली नदी दुपारी पुन्हा आमच्या वाटेत आली होती. या वेळी मी बाबांना थांबायला सांगितलं. काठावर दोन बाया घागरी भरत होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर, तिच्यावर कळशी. एक थेंब सांडत नव्हता. वलगावला पेढी नदी लागली. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी याच पेढीकाठी देह ठेवला. तहानलेल्याला पाणी द्या, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. बाबांनी फटफटी थांबवून नमस्कार केला, मीही केला.

आत्याकडे पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्यानं आधी तांब्या-पेला आणला. मी पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

“पोट्टी लय तहानली दिसते,” आत्या म्हणाली.

मग तिनं बाबांना पाटावर बसवलं, ओवाळलं. तबक ठेवायला ती वाकली, तेव्हा डोक्यावरचा पदर सरकला. टाळूवर तिचे केस अगदी विरळ होते. रुपयाएवढी जागा तर साफ रिकामी. मी ती आधीही पाहिली असणार. पण तिथं चुंबळ बसायची, हे मला त्या दिवशी कळलं.

रात्री तिच्या कुशीत शिरून मी हळूच विचारलं, “आत्या, तू चौथीत पहिली आली होतीस?”

“सांगतलं वाट्टे तुह्या बापानं!” ती हसली. “गनितात शंभरातून शंभर होते मले. अन् हा तुहा बाप पाढे इचाराले माह्यापाशीच ये.” मग अंधारात थोडा वेळ गप्प राहिली. “अजून येतात मले तीसपर्यंत. म्हनू का?”

आणि तिनं एकोणतीसचा पाढा म्हटला. एकदाही न अडखळता. मला तेव्हा तो येत नव्हता!

मित्रांनो, या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. बाबा नाहीत, ती फटफटीही नाही. वान आणि शहानूर धरणांचं गोडं पाणी नळानं खारपाणपट्ट्यातल्या पुष्कळ गावांत आलं आहे. नळ रोज येतोच असं नाही, पण आला की पोरी वेळेवर शाळेत पोचतात. शेततळ्यात पावसाचं पाणी साठवून काही शेतकरी पिकाला देतात. आणि ज्या पायथ्याला ‘पान्याले तोटा नाई’ होता, तिथं पाण्यासाठी आता फार खोल बोअर घ्यावे लागतात.

मी अजून दिवाळीच्या सुमाराला कधीतरी त्या लांबच्या रस्त्यानं जाते. चाळीसच्या वर नाही. कोणाच्या घरी पाणी दिलं तर ‘अर्धाच द्या’ म्हणते. पूर्ण दिलं, तर पूर्ण पिते. तुम्हीही एकदा तुमच्या गावचा लांबचा रस्ता घ्या. आणि घरातल्या कोणा आजीला, आत्याला विचारा, ‘तुला कितीपर्यंत पाढे येतात?’