सज्जा आहे, सजा नाही!

शाहूवाडी म्हटलं की आपल्या वीकएंडच्या यादीत तीनच नावं: आंबा घाट, पावनखिंड, विशाळगड. कोल्हापुरातून सुटलेली गाडी थेट घाटातच थांबते. या वेळी एक करा. वाटेत वाघबीळला पन्हाळ्याचा फाटा लागतो. तिथे वळा आणि गडावरची सज्जा कोठी बघून मगच पुढे निघा.

नावावरून फसू नका. सज्जा म्हणजे गच्ची, झरोका. आदिलशाही थाटाची ही देखणी दगडी इमारत तटावर बसून खालचं खोरं न्याहाळण्यासाठी बांधली. पण गाइड हमखास सांगणार, 'इथे संभाजीराजे कैदेत होते.'

काय भानगड होती? डिसेंबर 1678 मध्ये संभाजीराजे थेट मुघल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. वर्षभरात खानाचे अत्याचार बघून परतले. वय अवघं 22, म्हणजे आपल्याकडे पहिल्या नोकरीचं! वडिलांनी त्यांना पन्हाळ्यावर नजरेखाली ठेवलं. ती जागा म्हणजे हीच कोठी, असं गडावर सांगतात. जानेवारी 1680 मध्ये शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्याला येऊन त्यांना भेटले. बापलेकांची ती शेवटची भेट.

3 एप्रिल 1680 ला महाराज रायगडावर गेले. तिथल्या कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं आणि संभाजीराजांना पकडायला पन्हाळ्याकडे निघाले. पण सेनापती हंबीरराव मोहिते, राजारामांचे सख्खे मामा असूनही, संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. पकडायला निघालेलेच पकडले गेले! नजरकैदेतला राजपुत्र पन्हाळ्यावरूनच छत्रपती म्हणून बाहेर पडला.

खरी कैद पुढेच होती. फेब्रुवारी 1689 मध्ये मुकर्रबखान कोल्हापूरहून आंबा घाट उतरून संगमेश्वरावर चालून गेला आणि संभाजीराजे त्याच्या हाती लागले. 11 मार्चला त्यांची क्रूर हत्या झाली.

2025 मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे आता गर्दी वाढणारच. म्हणून सकाळी लवकर जा. कोल्हापूर ते पन्हाळा साधारण 20 किलोमीटर. कोठीत फोटो काढून झाले, की कॅमेरा बॅगेत टाका आणि पाच मिनिटं सज्ज्यात शांत उभे राहा. मग खुशाल आंब्याला निघा. घाटातली वळणं मात्र पूर्वीसारखी वाटणार नाहीत.