वेरूळच्या छताखाली पाच रंग

वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी शेवटची पाच, क्रमांक ३० ते ३४, ही जैन लेणी होत. कैलास लेण्यापासून उत्तरेकडे किलोमीटरभराहून अधिक अंतरावर ती असल्यामुळे पुष्कळ प्रवासी कैलास पाहूनच माघारी वळतात. त्यामुळेच येथे थोडी शांतता टिकून आहे. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. मंगळवारी लेणी बंद असतात, हे मुलांच्या सुटीचा बेत आखताना ध्यानात ठेवावे.

क्रमांक ३२ला इंद्रसभा म्हणतात. हत्तीवर बसलेल्या यक्षाला पूर्वीच्या पाहणाऱ्यांनी इंद्र मानले, आणि ते नाव कायमचे चिकटले. अंगणात अखंड पाषाणातला हत्ती, मानस्तंभ आणि सर्वतोभद्र मंदिर. आत कमठाचा उपसर्ग सोसणारे पार्श्वनाथ, वेलींनी वेढलेले बाहुबली, आम्रवृक्षाखालची अंबिका. या शिल्पांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगावयाचे आहे ते वरच्या मजल्याच्या छताविषयी.

हे छत रंगविलेले होते. कोठे ढगांतून विहरणाऱ्या आकृती अद्याप ओळखू येतात. पुष्कळ ठिकाणी मात्र गिलावा निखळला आहे आणि उरले आहेत ते केवळ रंगांचे तुकडे. गेरूसारखा तांबूस पट्टा, त्याला लागून हिरवट छटा, मग धुराचा काळा डाग, आणि मध्येच उघडा पडलेला दगड. आकृती काळाने पुसली. रंगांचे परस्परांशी असलेले नाते तेवढे ठेवले. अमूर्त चित्र म्हणजे काय, असे जे विचारतात त्यांनी या छताखाली दहा मिनिटे मान वर करून उभे राहावे.

आम्ही घरची नऊ माणसे होतो. त्यांत दोन मुलांनी चित्रांचे सामान आणले होते: जाड कागद, ॲक्रिलिक रंग आणि ॲक्रिलिकचेच पेंट मार्कर. मूर्तीसमोर बसून मूर्तीच काढावी, हे त्यांच्या मनात स्वाभाविकपणे आले. पण सरावाचा कागद फाटतो, चुरगळतो, पायांखाली येतो, अखेर रद्दीत जातो. त्यावर जिनबिंब असेल तर तो अविनय होतो. कोणी त्याला आशातना म्हणतील. म्हणून ठरले की मूर्ती डोळ्यांनी पाहावी आणि कागदावर छत यावे: त्याचे रंग, त्याच्या भेगा, खांबांमधून उतरणारा उजेड. लेण्यात रंगांचे झाकणही उघडावयाचे नाही. पाहून घ्यावे, मग बाहेर झाडाच्या सावलीत बसावे.

रंग पाचच घेतले. पंचपरमेष्ठींचे पाच वर्ण घरातल्या लहान मुलालाही पाठ असतात: अरिहंत श्वेत, सिद्ध रक्त, आचार्य पीत, उपाध्याय हरित, साधू कृष्ण. येथे एक गोष्ट व्यापारी घरांनी तरी जाणून घ्यावी. बाजारात ‘आयव्हरी ब्लॅक’ या नावाने मिळणारा काळा बहुधा जनावरांची हाडे जाळून केलेला असतो. नळीवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा संकेत छापलेला असतो. ‘पीबीके ९’ असेल तर तो हाडांचा, ‘पीबीके ७’ असेल तर काजळीचा, ‘पीबीके ११’ असेल तर लोहाचा. साधूंचा वर्ण म्हणून हाती घेतलेला काळा हाडांच्या राखेचा असावा, ही विसंगती मला सोसत नाही. अस्सल ‘कार्माइन’ हा लाल किड्यांपासून निघतो. जलरंगाच्या भारी कागदांना पुष्कळदा जिलेटिनची खळ असते. मुंगसाच्या केसांचे ब्रश तर कायद्यानेच निषिद्ध आहेत. कृत्रिम केसांचा ब्रश ॲक्रिलिकला अधिक सोयीचाही पडतो. मालाची पारख हा आपला पिढीजात गुण, तो धान्य-कापडापुरता का राहावा?

कागद ३०० ग्रॅमचा, गुळगुळीत पोताचा हवा. खरखरीत कागदावर मार्करची निब पिंजते. चारही कडा पट्टीने पाटीवर चिकटवाव्यात, नाहीतर ओल्या रंगाने कागद फुगतो. पहिला हात पातळ ॲक्रिलिकचा. तो पूर्ण वाळल्याशिवाय मार्कर लावू नये, कारण ओला रंग निबमध्ये शिरून ती तुंबते. मुलांना धीर नसतो. मराठवाड्याची कोरडी हवा मात्र येथे साहाय्य करते. मार्कर झाकण लावूनच हलवावा, निब निराळ्या कागदावर दाबून रंग उतरवावा. पांढरा मार्कर वाळलेल्या गडद रंगावर उठून दिसतो, पिवळ्याला दोन हात द्यावे लागतात. मार्करची रेघ एकदा वाळली की पाण्याने पसरत नाही, म्हणून तिच्या काठापर्यंत ब्रश निर्धास्त नेता येतो.

पुतणीने याच गुणाचा उपयोग केला. कागदाच्या मध्यभागी लाल मार्करने एक उभी, अनियमित सीमा आखून तिने बाहेरचे सारे रंगवले आणि आतली जागा कोरी ठेवली. मला आपल्या मंदिरांतील सिद्धप्रतिमा आठवली. धातूच्या पत्र्यातून मानवाकृती कापून काढलेली; जे दिसते ते भोवतीचे, आणि ज्यांना वंदन करावयाचे त्यांच्या ठिकाणी केवळ आरपार आकाश. अशरीरी सिद्ध दाखवावेत कसे, या प्रश्नाला आपल्या कारागिरांनी हे उत्तर शतकांपूर्वी दिले. मुक्तात्म्याचा आकार अंतिम देहापेक्षा किंचित न्यून असतो, असे शास्त्र सांगते. मुलीला यातले काही ठाऊक नव्हते, आणि तिच्या कोऱ्या जागेला मनुष्याचा आकारही नव्हता. मी मुद्दाम काही बोलले नाही.

काकांचा जन्म कापडाच्या पेढीवर गेला. त्यांनी कागद उचलला आणि सावलीतून बाहेर उन्हात धरला. कापडाचा रंग दिव्याखाली पाहून ते कधी सौदा करीत नाहीत. उलटा केला, पुन्हा सरळ केला. मग बोट न लावता मधल्या जागेकडे दाखवून विचारले, “एवढी भरायची राहिली का गं?”

“नाही काका, ती ठेवली आहे.”

ते बराच वेळ पाहत राहिले. “हिरवा चांगला बसलाय,” एवढेच म्हणाले, आणि कागद वाळेपर्यंत कोणी त्यावर पाय देऊ नये म्हणून स्वतः शेजारी बसून राहिले. ब्रश धुतलेले पाणी आम्ही बाटलीत भरून परत आणले. त्यातले प्लॅस्टिक तेथल्या मातीत, मुंग्यांच्या वाटेवर ओतणे योग्य नव्हते.