स्टॅफर्डशायरचा निळा हिंदुस्थान

हडपसरच्या ज्या माळावर 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पाडाव केला आणि ज्या रणसंग्रामाची परिणती वर्षअखेर इंग्रजांशी केलेल्या वसईच्या तहात झाली, त्याच हडपसरात ज्याची हयात गेली, त्याला त्या काळचा इंग्रज आपल्या मुलखाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होता हे जाणण्याची उत्कंठा वाटणे स्वाभाविक आहे. ती उत्कंठा मला मुंबई व लंडनमार्गे स्टॅफर्डशायरमधील स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारनगरीत घेऊन गेली, कारण ती दृष्टी तेथील भांड्यांवर छापलेली आहे.

स्थानकासमोर नामांकित कुंभार जोसाया वेजवुडचा पुतळा आहे आणि जवळूनच तो कालवा जातो, ज्यावरून कॉर्नवॉलची पांढरी माती येई व तयार माल बंदरास रवाना होई. तेथून पायी मी स्पोडच्या भांड्यांच्या कारखान्यात गेलो. कारखाना 2008 साली बंद पडला. आवारात आता संग्रहालय आहे.

तेथे 1815 च्या सुमाराची हिंदुस्थानी शिकारीची चित्रे असलेल्या निळ्या भांड्यांची मालिका पाहिली. बंगालच्या फौजेतील कॅप्टन टॉमस विल्यमसनच्या 1807 मधील ग्रंथासाठी सॅम्युएल हॉविटने काढलेल्या चित्रांवरून ही घेतलेली. आणि हॉविटने हिंदुस्थान कधी पाहिलेला नव्हता! बशीवर अस्वल मारले जात आहे, दुसऱ्या भांड्यावर डोरिये, म्हणजे कुत्रे सांभाळणारे नोकर, शिकारी कुत्रे घेऊन निघाले आहेत. शेत, बाजार, देऊळ यांवर पोसलेला आपला मुलूख येथे केवळ साहेबाचे शिकारीचे रान झाला आहे, याचा मला विषाद वाटला.

तरीही कारागिरीपुढे मस्तक लवले. कोरलेला तांब्याचा पत्रा तापवून त्यात कोबाल्टची निळी शाई भरावयाची, पातळ कागदावर ठसा घ्यावयाचा, तो भाजलेल्या परंतु अद्याप झिलई न दिलेल्या भांड्यावर घासून चिकटवावयाचा, कागद पाण्याने धुऊन काढावयाचा, आणि मग झिलई देऊन पुन्हा भट्टीत घालावयाचे. यांतील ठसा चिकटविण्याचे काम बव्हंशी स्त्रिया व मुलींच्या हातून होई. काठाच्या नक्षीत कागदाचे दोन तुकडे जेथे मिळतात, तेथे एका हरणाची पाठ किंचित तुटलेली दिसली. विल्यमसनचे नाव ग्रंथावर आहे, स्पोडचे भांड्याच्या तळाशी. तो कागद चिकटविणाऱ्या मुलीची खूण एवढीच.

दुपारी बर्स्लेमजवळच्या मिडलपोर्ट कारखान्यात गेलो. तेथे हे काम आजही कागदाने, हातानेच चालते. कपाभोवती नक्षी गुंडाळणाऱ्या बाईंना मी जोडाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी कप फिरवून तो दाखविला: बरोबर कपाच्या कानामागे.